टॉम गोला आणि २,२०१ रिबाउंड

अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, सर्वोच्च श्रेणीच्या महाविद्यालयांपुरता विचार केला तर, एका खेळाडूने संपूर्ण कारकिर्दीत मिळवलेल्या रिबाउंडचा विक्रम फिलाडेल्फिया शहरातील ला सॅल महाविद्यालयाच्या टॉम गोला यांच्या नावावर आहे. १९५१ च्या हिवाळ्यापासून १९५५ च्या मार्चपर्यंतच्या चार हंगामांत, ११८ सामन्यांत, त्यांनी २,२०१ रिबाउंड घेतले, आणि त्यानंतर खेळाचे नियम, खेळाडूंची उंची, प्रशिक्षणाची शास्त्रशुद्धता आणि या खेळात ओतला जाणारा पैसा यांपैकी काहीही पूर्वीसारखे राहिले नसले तरी हा आकडा कोणालाही ओलांडता आलेला नाही. रिबाउंड म्हणजे नेम चुकून बोर्डावर किंवा रिंगवर आदळून परत आलेला चेंडू ताब्यात घेणे. गुण मिळवण्याच्या कौशल्याभोवती जशी प्रसिद्धी जमते तशी ती या कामाभोवती क्वचितच जमते, परंतु बास्केटबॉलमध्ये चेंडूचा ताबा हीच मूळ संपत्ती असल्यामुळे, प्रत्येक हुकलेल्या नेमानंतर ती कोणाच्या हाती जाते यावर सामन्याचा निकाल बऱ्याच अंशी ठरत असतो.

या विक्रमाची एक बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. दर सामन्यामागे सरासरी रिबाउंड हा निकष लावून दरवर्षी देशातील अव्वल खेळाडू ठरवला जात असे, आणि त्या यादीत गोला चारही वर्षांत एकदाही पहिले आले नाहीत. १९५२ मध्ये लष्करी अकादमीचे बिल हॅनन, १९५३ मध्ये फोर्डम विद्यापीठाचे एड कॉनलिन, १९५४ मध्ये कनेटिकटचे आर्ट क्विम्बी आणि १९५५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल महाविद्यालयाचे चार्ली स्लॅक हे त्या त्या वर्षीचे मानकरी ठरले. यांपैकी स्लॅक यांची त्या वर्षीची दर सामन्याला २५.६ ही सरासरी आजही एका हंगामातील सर्वोच्च सरासरी म्हणून नोंदलेली आहे. एका हंगामातील एकूण रिबाउंडचा विक्रम, म्हणजे ७३४, सीटन हॉलच्या वॉल्टर ड्यूक्स यांनी १९५३ मध्ये केला, आणि एका सामन्यातील ५१ रिबाउंडचा विक्रम त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या बिल चेंबर्स यांनी व्हर्जिनियाविरुद्ध नोंदवला. म्हणजे एका दिवसाचे, एका वर्षाचे आणि वार्षिक सरासरीचे शिखर गोला यांच्या वाट्याला आले नाही, तरीही संपूर्ण कारकिर्दीचे शिखर मात्र त्यांचेच राहिले. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी त्या खेळाडूइतकेच त्या पाच-सहा वर्षांच्या काळाकडेही पाहावे लागते, कारण वर आलेले जवळजवळ सगळेच आकडे त्याच काळातले आहेत.

पहिली गोष्ट मोजणीची. बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तयार केला, पण रिबाउंडची राष्ट्रीय पातळीवरील अधिकृत नोंद त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाली. ती नोंद ठेवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, जिला सर्वत्र एनसीएए या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्या पहिल्या वर्षी दर सामन्याला २०.६ च्या सरासरीने अव्वल ठरलेले अर्नी बेक हेही फिलाडेल्फियाचेच, पेनसिल्वेनिया विद्यापीठाचे खेळाडू होते. गोला यांनी महाविद्यालयात प्रवेश घेतला तो दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर, आणि म्हणून त्यांची संपूर्ण कारकीर्द अधिकृत खतावणीत बसली. त्यांच्या आधीच्या पिढीतील बलाढ्य खेळाडूंना, उदाहरणार्थ डीपॉल विद्यापीठाचे जॉर्ज मायकन किंवा ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालयाचे बॉब कर्लंड यांना, हे भाग्य लाभले नाही आणि त्यांनी किती चेंडू खेचले याचा तौलनिक हिशेब आता कोणालाही मांडता येणार नाही.

दुसरी गोष्ट नेम चुकण्याची. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी महाविद्यालयीन संघांनी रिंगकडे टाकलेल्या चेंडूंपैकी सुमारे एक तृतीयांशच आत जात असत, तर पुढील काळात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या बरेच वर गेले. दोन्ही पाय जमिनीवर रोवून दोन्ही हातांनी चेंडू टाकण्याची जुनी पद्धत अजून पुरती मागे पडली नव्हती, आणि उडी मारून हवेत असताना एका हाताने चेंडू सोडण्याची नवी पद्धत, जिला जंप शॉट म्हणतात, नुकतीच रुळत होती. फिलाडेल्फियालगतच्या व्हिलानोव्हा महाविद्यालयाचे पॉल अरिझिन हे या नव्या पद्धतीचे एक आद्य प्रवर्तक होते. नेम कमी लागत असला तरी संघ चेंडू टाकण्यात कुचराई करत नसत, म्हणून बोर्डाखाली परत येणाऱ्या चेंडूंची संख्या प्रचंड असे, आणि त्या काळच्या एका सामन्यात जितके रिबाउंड उपलब्ध होत त्याच्या मानाने आजच्या सामन्यातले फारच थोडे ठरतात. शिवाय रिंगखालचा जो आयताकृती पट्टा असतो, ज्यात आक्रमक खेळाडूला सलग तीन सेकंदांपेक्षा अधिक थांबता येत नाही, त्याची रुंदी तेव्हा अवघी सहा फूट होती. त्यामुळे पट्ट्याच्या कडेला उभा असलेला उंच खेळाडू रिंगच्या रेषेपासून केवळ तीन फुटांवर असे आणि परतणाऱ्या चेंडूकडे झेपावण्यासाठी त्याला अंतर असे जवळजवळ उरतच नसे.

तिसरी गोष्ट पूर्णपणे मैदानाबाहेरची, म्हणजे युद्धाची. त्या काळच्या नियमांनुसार महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. त्याने वर्षभर नवागतांच्या वेगळ्या संघातून खेळावे आणि अभ्यासाची घडी बसवावी अशी अपेक्षा होती, आणि त्यामुळे मुख्य संघातील कारकीर्द तीनच वर्षांची होई. परंतु जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले, तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावणी येऊ लागली, महाविद्यालयांतील मुलांची संख्या घटली आणि संघ उभे करणे कठीण झाले, तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेळण्याची तात्पुरती सवलत देण्यात आली. या सवलतीची खिडकी थोडाच काळ उघडी राहिली, आणि नेमक्या त्याच काळात गोला यांनी महाविद्यालयात पाऊल ठेवले. हा नियम पुन्हा आणि कायमचा शिथिल झाला तो १९७२-७३ च्या हंगामापासून, म्हणजे मधल्या सुमारे वीस वर्षांतील बहुतेक सर्व थोर खेळाडूंना, त्यात बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, एल्विन हेज, पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने विख्यात झालेले ल्यू ॲल्सिंडर हे सगळे आले, जास्तीत जास्त तीनच हंगाम मिळाले.

या तीन कारणांचा एकत्रित परिणाम आकड्यांतच दिसतो. कारकिर्दीतील एकूण रिबाउंडच्या सार्वकालिक यादीत पहिली पाच नावे अनुक्रमे गोला, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे जो होलप, चार्ली स्लॅक, एड कॉनलिन आणि वेक फॉरेस्टचे डिकी हेमरिक यांची आहेत, आणि हे पाचही जण एकतर १९५५ मध्ये किंवा १९५६ मध्ये महाविद्यालयाबाहेर पडले. होलप यांचे २,०३० रिबाउंड आहेत, स्लॅक यांचे १,९१६, कॉनलिन यांचे १,८८४ आणि हेमरिक यांचे १,८०२. सत्तरहून अधिक वर्षांच्या इतिहासात पाचही नावे एकाच लहानशा कालखंडातील असावीत हा योगायोग नाही. गोला यांचा विक्रम म्हणजे निव्वळ एका असामान्य देहाचा पराक्रम अशी मांडणी करणाऱ्यांनी या यादीकडे डोळेझाक केलेली असते. मात्र तेवढ्यावरून हा विक्रम काळाने पदरात टाकलेले दान होते असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल, आणि त्यासाठी आता त्या माणसाकडे वळले पाहिजे.

थॉमस जोसेफ गोला यांचा जन्म १३ जानेवारी १९३३ रोजी फिलाडेल्फियात, पोलिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. वडील शहराच्या पोलीस दलात होते. शहराच्या उत्तर भागातील ऑलनी ही त्यांची वस्ती. आयरिश, पोलिश, जर्मन आणि इटालियन वंशाच्या कष्टकरी कॅथलिक कुटुंबांचे आयुष्य तेव्हा चर्चच्या परगण्याभोवती फिरत असे, आणि प्रत्येक परगण्याची शाळा, शाळेचा संघ, आणि त्या संघातून माध्यमिक शाळेच्या व पुढे महाविद्यालयाच्या संघात जाणारी मुले अशी एक अखंड साखळी शहरात तयार झालेली होती. ला सॅल हे याच साखळीचे एक टोक होते. फ्रेंच धर्मगुरू व शिक्षणतज्ज्ञ झाँ-बातीस्त द ला सॅल यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन केलेल्या, गरिबांच्या मुलांना शिकवण्याचे व्रत घेतलेल्या ख्रिश्चन ब्रदर्स या संघाने १८६३ मध्ये हे महाविद्यालय सुरू केले, आणि त्याच संघाच्या माध्यमिक शाळेतून १९५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या गोला यांनी, देशभरातील मोठमोठ्या विद्यापीठांचे लक्ष त्यांच्याकडे वेधलेले असतानाही, घराजवळच्या या लहान महाविद्यालयाचीच निवड केली.

ते वर्ष या खेळाच्या दृष्टीने लाजिरवाणे होते. १९५१ च्या आरंभी न्यू यॉर्कमध्ये उघड झालेल्या सट्टेबाजीच्या प्रकरणात अनेक नामवंत महाविद्यालयांच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामन्यातील गुणफरक मुद्दाम कमी ठेवल्याचे निष्पन्न झाले, आणि त्यात आदल्याच वर्षी देशातील दोन्ही प्रमुख स्पर्धा जिंकणाऱ्या न्यू यॉर्क सिटी कॉलेजच्या संघाचाही समावेश होता. न्यू यॉर्कमधील ज्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉल लोकप्रिय झाला त्याच वास्तूकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अशा वेळी एका अप्रसिद्ध महाविद्यालयाचा, स्वच्छ प्रतिमेचा, अंगावर येण्यापेक्षा शांतपणे खेळणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच गार्डनमध्ये अवतरला, याचे महत्त्व त्या काळच्या प्रेक्षकांना जितके जाणवले असेल तितके आज आकडे वाचून जाणवत नाही.

ला सॅलचे प्रशिक्षक केन लेफलर हे येल विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर आणि व्यावसायिक संघांचा अनुभव घेऊन आलेले गृहस्थ होते. सर्वांत उंच खेळाडूला रिंगकडे पाठ करून एका जागी खांबासारखा उभा करायचा आणि सगळा खेळ त्याच्याभोवती गुंफायचा, ही त्या काळची प्रचलित रीत त्यांना पसंत नव्हती. पाचही खेळाडूंनी सतत जागा बदलत राहावे आणि प्रत्येकाला चेंडू हाताळता, पुरवता व टाकता यावा असा त्यांचा आग्रह होता. साडेसहा फूट उंचीचे गोला या पद्धतीला जणू मुद्दाम घडवल्यासारखे शोभले, कारण उंची मध्यभागी खेळणाऱ्याची असूनही त्यांचे हात, पावले आणि नजर ही मागून खेळ उभारणाऱ्या गार्डची होती. बचावात ते प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला अडवत, बोर्डावरून आलेला चेंडू खेचत, आणि तोच चेंडू दुसऱ्या कोणाच्या हाती न देता स्वतः ड्रिबल करत, म्हणजे जमिनीवर टप्पे देत, समोरच्या अर्ध्यात नेत. इतरांच्या बाबतीत रिबाउंड हा बचावाचा शेवट होता. गोला यांच्या बाबतीत तो आक्रमणाचा आरंभ असे, आणि त्या काळात ही गोष्ट नवीन होती.

रिबाउंड केवळ उंचीने मिळत नाही हे त्यांच्या खेळाने स्पष्ट होते. नेम सुटताक्षणी चेंडूकडे पाहत न राहता आधी आपल्या जवळच्या प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन त्याचा रिंगकडचा रस्ता बंद करणे, ज्याला बॉक्स आउट म्हणतात, हे पहिले काम असते. चेंडू कोणत्या बाजूने आणि किती लांबून टाकला गेला यावरून तो परत कुठे व किती जोराने उसळेल याचा अंदाज घेणे हे दुसरे, आणि उडीचा क्षण असा साधणे की हात सर्वोच्च बिंदूला असताना चेंडू तिथे पोचेल, हे तिसरे. गोला यांच्याहून उंच खेळाडू त्या काळात बरेच होते, ड्यूक्स तर जवळजवळ सात फुटांचे होते, पण या तीन गोष्टी सलग चार वर्षे, कधीही ढिलाई न करता, करत राहणारे फार थोडे होते.

पहिल्याच हंगामात गोला यांनी २९ सामन्यांत ४९७ रिबाउंड घेतले आणि मार्च १९५२ मध्ये ला सॅलचा संघ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेत, जिला एनआयटी म्हणतात, उतरला. आज ही स्पर्धा दुय्यम समजली जाते, परंतु तेव्हा तिचा मान एनसीएएच्या स्पर्धेच्या तोडीचा होता. ला सॅलने सीटन हॉल, सेंट जॉन्स आणि डुकेन यांना नमवून अंतिम सामन्यात डेटन विद्यापीठाचा ७५-६४ असा पराभव केला, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान गोला आणि त्यांचे सहकारी नॉर्म ग्रेकिन यांना संयुक्तपणे देण्यात आला. दुसऱ्या हंगामात संघाने २८ पैकी २५ सामने जिंकले पण एनआयटीत तो लवकर गारद झाला. गोला यांच्या ४३४ रिबाउंडांचा हा हंगाम त्यांच्या चार वर्षांतला सर्वांत कमी आकड्याचा.

तिसरा हंगाम मात्र त्यांच्या कारकिर्दीचा मध्यान्ह होता. त्यांनी ३० सामन्यांत ६५२ रिबाउंड घेतले, दर सामन्याला सरासरी २३ गुण केले, आणि ला सॅल एनसीएएच्या स्पर्धेत उतरले. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती फोर्डमशी, म्हणजे आदल्या वर्षी सरासरीत देशात अव्वल ठरलेल्या एड कॉनलिन यांच्या संघाशी, आणि ला सॅल तिथेच संपले असते. पण अखेरच्या क्षणी दोन गुणांनी मागे असताना सगळ्या बचावाचे लक्ष आपल्यावर खिळले आहे हे ओळखून गोला यांनी स्वतः नेम न साधता फ्रॅन ओ'मॅली यांच्याकडे चेंडू दिला, त्यांनी बरोबरी साधली, आणि जादा वेळेत ला सॅलने ७६-७४ असा विजय मिळवला. संपूर्ण स्पर्धेचे भवितव्य एका पासवर ठरले, आणि तो पास देशातील सर्वांत भरवशाच्या नेमबाजांपैकी एकाने दिला, यातच त्यांच्या खेळाचा स्वभाव उमगतो. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायना स्टेट, नौदल अकादमी आणि पेन स्टेट हे संघ मागे टाकून ला सॅलने २० मार्च १९५४ रोजी कॅन्सस सिटीत ब्रॅडली विद्यापीठाला ९२-७६ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला गेलेला हा स्पर्धेचा पहिला अंतिम सामना होता. त्यात चार्ल्स सिंगली आणि फ्रँक ब्लॅचर यांनी प्रत्येकी २३ गुण केले, गोला यांनी १९ गुण आणि १९ रिबाउंड घेतले, आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती गोला यांचीच.

वर्षभराने, त्याच शहरात, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, गोला यांची गाठ पडली ती पुढे या खेळातील रिबाउंडची संकल्पनाच बदलून टाकणाऱ्या खेळाडूशी. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे बिल रसेल हे सहा फूट नऊ इंचांचे, विलक्षण चपळ आणि डाव्या हाताने चेंडू अडवणारे मध्यरक्षक होते, आणि त्यांच्या संघाच्या पहिल्या पाचांत रसेल, के. सी. जोन्स आणि हॅल पेरी असे तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. दक्षिणेतील बहुतेक विद्यापीठांची दारे तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होती आणि इतरत्रही एका संघात एक-दोघांपेक्षा अधिक कृष्णवर्णीय एकाच वेळी मैदानात उतरवू नयेत असा अलिखित दंडक पाळला जाई, त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. रसेल हे गोला यांना अडवतील आणि त्यामुळे बोर्डापासून दूर खेचले जातील अशी ला सॅलची अपेक्षा होती. पण सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक फिल वुलपर्ट यांनी गोला यांच्यावर सहा फूट एक इंच उंचीच्या जोन्स यांना सोडले आणि रसेल यांना रिंगखाली मोकळे ठेवले. जोन्स यांनी गोला यांना १६ गुणांवर रोखून स्वतः २४ केले, रसेल यांनी २३ गुण आणि २५ रिबाउंड मिळवले, आणि ला सॅल ७७-६३ असे हरले. १९५६-५७ च्या हंगामापासून महाविद्यालयीन खेळातील तो सहा फुटांचा पट्टा बारा फुटांचा करण्यात आला, त्यामागे मुख्यत्वे रसेल यांचे वर्चस्व होते, आणि त्या बदलाबरोबर बोर्डाखाली अंतर न चालता चेंडू मिळवण्याचे युगही मागे पडले.

गोला यांची शेवटच्या हंगामातील ३१ सामन्यांतली ६१८ रिबाउंडांची भर धरून एकूण आकडा २,२०१ वर स्थिरावला, गुणांची बेरीज २,४६२ झाली, आणि त्यांच्या चार वर्षांत संघाने १०२ विजय मिळवले. या ठिकाणी सरासरीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. दर सामन्यामागे गोला यांचे १८.७ रिबाउंड पडतात, तर होलप यांचे १९.५ आणि स्लॅक यांचे जवळजवळ २१.८, म्हणजे दर सामन्याच्या मापाने हे दोघेही सरस ठरतात. फरक पडतो तो सामन्यांच्या संख्येने, कारण स्लॅक ८८ सामने खेळले, होलप १०४ आणि गोला ११८. परंतु हे जादा सामने आले कुठून हेही पाहिले पाहिजे. चार वर्षांत ला सॅलचा संघ दोनदा एनआयटीत आणि दोनदा एनसीएएच्या स्पर्धेत खेळला, त्यापैकी तीनदा थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि अशा बाद पद्धतीच्या स्पर्धांचे पंधराएक सामने त्याच्या वाट्याला आले, जिथे प्रत्येक पुढचा सामना मागचा जिंकल्याशिवाय मिळत नाही. त्या सामन्यांत समोर उभे असत ते ड्यूक्स, कॉनलिन, रसेल यांच्या दर्जाचे प्रतिस्पर्धी. म्हणून या विक्रमातील अधिकचा भाग गोला यांनी आपल्या संघाला जिंकवूनच कमावला होता असा निष्कर्ष काढणे योग्य ठरते, आणि सरासरीच्या आधारे त्याचे मोल कमी लेखणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. महाविद्यालयीन कारकिर्दीत दोन हजारांहून अधिक गुण आणि दोन हजारांहून अधिक रिबाउंड ही दोन्ही उद्दिष्टे सर्वोच्च श्रेणीतील पुरुषांपैकी फक्त गोला आणि होलप यांनी गाठली.

कारकिर्दीतील रिबाउंडच्या यादीची एक मर्यादा मात्र नमूद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिला प्रमुख महाविद्यालयांची श्रेणी म्हटले जाई तिच्यात त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी असलेली महाविद्यालये गणली जात नव्हती, आणि दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांनी ज्या मुलांना नाकारले त्यातली बहुतेक याच संस्थांत खेळत होती. वर दिलेल्या पाच नावांच्या पंक्तीत त्यांच्यापैकी कोणी बसले असते का, याचा निवाडा करण्याची संधी त्या व्यवस्थेने ठेवलीच नाही. त्यात गोला यांचा दोष नाही, पण विक्रमाचे वर्णन करताना हा अन्याय विसरणे हा इतिहासकाराचा दोष ठरेल.

महाविद्यालयानंतर गोला यांना फिलाडेल्फिया वॉरियर्स या व्यावसायिक संघाने प्रादेशिक हक्काने घेतले. या हक्कानुसार आपल्या शहराच्या परिसरातील एखादा महाविद्यालयीन खेळाडू इतर संघांच्या आधी मिळवता येई. पहिल्याच वर्षी, १९५६ मध्ये, अरिझिन, नील जॉन्स्टन आणि १९५०-५१ चे रिबाउंड विजेते अर्नी बेक यांच्याबरोबर खेळून त्यांनी एनबीए या व्यावसायिक लीगचे विजेतेपद मिळवले. लष्करी सेवेमुळे पुढचा हंगाम हुकला. १९५९ मध्ये विल्ट चेंबरलेन संघात आल्यावर बोर्डाखालची सगळी जागा त्यांनीच व्यापली, तेव्हा गोला यांनी विनातक्रार गार्डची भूमिका घेतली, सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचे काम स्वीकारले, आणि तरीही दहा हंगामांच्या व्यावसायिक कारकिर्दीत दर सामन्याला सरासरी आठ रिबाउंड मिळवले. १९६२ मध्ये संघ सॅन फ्रान्सिस्कोला हलल्यावर ते न्यू यॉर्क निक्सकडे गेले आणि १९६६ मध्ये निवृत्त झाले.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य सार्वजनिक सेवेचे होते. रिपब्लिकन पक्षाच्या वतीने ते पेनसिल्वेनियाच्या विधानसभेवर निवडून गेले, आणि सदस्य असतानाच १९६८ मध्ये ला सॅलचे प्रशिक्षकही झाले. त्यांच्या पहिल्या हंगामात संघाने २३ सामने जिंकून एकच गमावला आणि देशात दुसरे स्थान मिळवले, पण आधीच्या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीतील नियमभंगाबद्दल झालेल्या शिक्षेमुळे त्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत खेळता आले नाही, ही त्या महाविद्यालयाच्या इतिहासातील एक बोचरी जखम आहे. १९६९ मध्ये ते फिलाडेल्फिया शहराचे नियंत्रक, म्हणजे महानगराच्या हिशेबांची तपासणी करणारे अधिकारी, म्हणून निवडून आले. महापौरपदासाठी १९८३ मध्ये केलेला प्रयत्न मात्र पक्षांतर्गत निवडणुकीतच संपला. १९७६ मध्ये त्यांचा समावेश नेस्मिथ यांच्या नावाने असलेल्या बास्केटबॉलच्या सन्मानदालनात झाला, आणि २६ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच विक्रमाची मोजपट्टी दोन वेळा बदलली होती. १९५६ ते १९६२ या काळात एनसीएएने वार्षिक अव्वल खेळाडू ठरवताना निव्वळ सरासरी बाजूला ठेवून, त्याच्या सामन्यांत दोन्ही संघांनी मिळून जेवढे रिबाउंड घेतले त्यांतला त्याचा वाटा किती हे पाहिले, आणि वेगवान किंवा ढिसाळ नेमबाजीच्या सामन्यांतून फुगणाऱ्या आकड्यांना आवर घालण्याचा तो अतिशय समंजस प्रयत्न होता. तो टिकायला हवा होता. पुढे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेळण्याची मुभा मिळाल्यावर आणि महाविद्यालयांची तीन श्रेणींत फेरविभागणी झाल्यावर १९७३ पासूनची एक स्वतंत्र यादी ठेवली जाऊ लागली. त्या यादीत वेक फॉरेस्टचे टिम डंकन १९९७ मध्ये १,५७० रिबाउंडांसह अग्रस्थानी पोचले, तेव्हाही त्यांच्याच महाविद्यालयाचे हेमरिक सार्वकालिक यादीत त्यांच्याहून २३२ ने पुढे होते. २०११ मध्ये मोरहेड स्टेटच्या केनेथ फरीड यांनी डंकन यांना मागे टाकले तरी त्यांचा आकडा १,६७३ वरच थांबला. महिलांच्या खेळात मात्र ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कोर्टनी पॅरिस यांनी २००५ ते २००९ या चार हंगामांत २,७२९ गुणांबरोबर २,०३४ रिबाउंड घेतले आणि सलग ११२ सामन्यांत गुण व रिबाउंड दोन्ही दहा किंवा त्याहून अधिक मिळवले. नेमबाजी सुधारलेल्या, पट्टा रुंदावलेल्या काळात दोन हजारांचा टप्पा ओलांडणाऱ्या पॅरिस यांची कामगिरी गोला यांच्या आकड्याशेजारी मांडण्याच्या खरोखर योग्यतेची आहे.